निरीक्षणाने भरावयाचा भाग

मार्च लागला की समोरच्या शाळेचा शिपाई फाटकापासून थोड्या अंतरावर दोरी बांधतो. दोरीच्या आत पालकांनी यायचं नाही अशी पाटी लागते. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान पेपरच्या वेळात सक्तीनं बंद असतं आणि त्याचा मालक पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहतो, "मी काय पेपर फोडणार हाय काय?" आमच्या शाहूपुरीतल्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हे सगळं फुकटात दिसतं. छातीशी पॅड धरलेल्या दहावीच्या पोरी, पारदर्शक पाकिटातली पेनं, शेवटच्या मिनिटाला पुस्तक हिसकावून घेणाऱ्या आया. एक बाप दरवर्षी असतोच, जो पोरीपेक्षा जास्त घाबरलेला असतो. रसाच्या गाड्याची घुंगरं वाजत असतात, कारखान्याकडं निघालेला हंगामातला शेवटचा ऊस लांबवर हॉर्न देत जात असतो. मग बेल होते आणि रस्ता एकदम मुका होतो.

एके काळी हा मोसम मला फार आवडायचा. सगळा जन्म कॉलेजात शिकवण्यात गेला, परीक्षेवरच तर माझं पोट चाललं. आता मात्र बेल झाली की मी गॅलरीचं दार लावून घेते. घरातल्यांना वाटतं, ऊन सोसत नाही बाईंना. मी त्यांना तसंच वाटू देते. उन्हाचा काही संबंध नाही. मला लाज वाटते, आणि ती कशाची हे सांगायचं तर आधी माझा दुसरा धंदा सांगायला हवा.

कॉलेज सांभाळून मी मूल्यमापनाची कामं घ्यायची. शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये संस्था काही ना काही कार्यक्रम चालवतात. शिवणवर्ग, बचतगट, पाळणाघर, आरोग्य तपासणी. त्यासाठी पैसे देणारी कंपनी असते कुठली तरी. दोनतीन वर्षं झाली की पैसे देणाऱ्याला वाटतं, यातून झालं काय ते एकदा बघू. मग बाहेरचं तटस्थ माणूस बोलावतात. त्या तटस्थ माणसाला गाडी मिळते, मानधन मिळतं आणि जाईल तिथं चहा मिळतो. ते माणूस म्हणजे मी. कोल्हापुरात आणि आसपास या कामात माझं बऱ्यापैकी नाव होतं, आणि नाव आहे हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझ्या प्रश्नावलीचे दोन भाग असत. पहिल्या भागात विचारायचं आणि लिहायचं. दुसऱ्याचं शीर्षक होतं, 'निरीक्षणाने भरावयाचा भाग'. त्यात काही विचारायचं नाही. घरात बसल्या बसल्या डोळे फिरवायचे आणि खुणा करायच्या. पंखा आहे का, खुर्ची आहे का, गॅस, टीव्ही, कपाट. हा भाग माझ्या डोक्यातला, त्याचा मला कोण अभिमान! विद्यार्थ्यांना मी वर्गात सांगायची, माणसं मदत मिळावी म्हणून गरिबी वाढवून सांगतील किंवा शरमेपोटी कमी करून सांगतील, पण घर खोटं बोलणार नाही. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेतही लिहायची, आणि मी त्यांना पूर्ण गुण द्यायची.

ती वस्ती उचगावच्या बाजूला होती. शहर संपलेलं असतं आणि गाव अजून लागलेलं नसतं अशी ती जागा. पत्र्याची, अर्ध्या विटांची घरं, दोन घरांमधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी बोळं. पुरुष बहुतेक उद्यमनगरच्या कारखान्यांत नाहीतर ट्रकवर, बायका कॉलनीतल्या घरांत धुण्याभांड्याला किंवा पॅकिंगच्या कामाला. संस्थेचे तिथं बरेच उपक्रम होते, पण वस्तीचा जीव होता तो पाळणाघरात. सकाळी आठला बायका पोरं आणून सोडायच्या आणि कामाला जायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या. अंगणवाडीत तीन वर्षांवरची पोरं घेत, आणि तीही दुपारपर्यंतच. त्याहून लहान पोराचं काय करायचं, याला वस्तीत दुसरं उत्तर नव्हतं. पाळणाघर पुढं चालू ठेवायचं की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. हे मला माहीत होतं, संस्थेला माहीत होतं, आणि न सांगता वस्तीलाही कळलेलं होतं.

पाळणाघर चालवायच्या त्या सुनंदाताई. ठेंगण्या, बोलायला खणखणीत, सगळ्या वस्तीवर ओरडायचा हक्क असलेल्या. त्या दिवशी मला घरोघर न्यायचं काम त्यांच्याकडं होतं. मार्चचंच ऊन, वर पत्रे. पहिल्याच घरात शिरले तर दारासमोर एक हिरवी प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवलेली आणि पुढ्यात टेबलफॅन. फॅनच्या जाळीचा खालचा भाग सुतळीनं बांधलेला, सुरू केला की कर्रकर्र करून मान फिरवायचा. मला बरं वाटलं. मी बसले, विचारलं, लिहिलं. मग निरीक्षण. पंखा, खूण. खुर्ची, खूण.

दुसरं घर बोळाच्या पलीकडं. तिथं हिरवी खुर्ची, तिथं टेबलफॅन. खूण, खूण.

तिसऱ्या घरात फॅन सुरू झाला आणि कर्रकर्र केलं. मी मान खाली घालून लिहीत होते, ती वर केली. जाळीला सुतळी होती. बाहेर बोळातून कुणीतरी पळत गेल्याचा आवाज मला आधी दोनदा आला होता, तो आता नीट कळला. मी एका घरातून सरबत पिऊन उठायची, सुनंदाताई मला मुद्दाम नळाच्या बाजूनं वळसा घालून न्यायच्या, आणि तेवढ्यात मागच्या बोळानं खुर्ची आणि पंखा पुढच्या घरी पोचायचे. फसवायचा प्रश्नच नव्हता. फसवायचंच असतं तर त्यांनी उलट होतं नव्हतं ते लपवलं असतं, मदत बंद होऊ नये म्हणून. घरी पावणं येणार आणि तापल्या पत्र्याखाली जमिनीवर बसणार, हे त्यांना सहन होणारं नव्हतं, एवढंच. आमच्या कोल्हापुरात ही खोड सगळ्यांनाच आहे. पाहुण्यासाठी शेजारून कप आणायचे, गादी आणायची, आणि पाहुण्याला पत्ता लागू द्यायचा नाही. माझ्या आईनंही आयुष्यभर हेच केलं. म्हणजे मला तर पहिल्या घरातच कळायला हवं होतं.

तिसऱ्या घरात कळलं. तरी मी खूण केली.

चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरातही केली. आज विचार करते तेव्हा वाटतं, पहिली खूण चूक होती, तिसरी आळस होता, आणि नंतरच्या सगळ्यांना काय म्हणायचं ते मी इतकी वर्षं ठरवू शकलेले नाही.

मंगलचं घर शेवटून दुसरं. मंगल तिशी ओलांडलेली, हाडकुळी, सतत पदर खोचून उभी. नवरा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. मोठी मुलगी अश्विनी, तिला सगळे आशू म्हणायचे, नववीची परीक्षा देणार होती. धाकटा दीड वर्षांचा, तो पाळणाघरात. या घरातही फॅन होता आणि त्याची वायर खिडकीतून बाहेर जाऊन शेजारच्या घरात शिरलेली होती. मंगलच्या घराची लाईट कापलेली होती. मी वायरीकडं बघितलं, मंगलनं मी वायरीकडं बघताना मला बघितलं, आणि ती पटकन म्हणाली, "बसा की बाई, वारं लागतंय न्हवं?"

"लागतंय," मी म्हटलं.

पहिल्या भागात एक प्रश्न होता, कार्यक्रमातल्या कुठल्या गोष्टीचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मंगल म्हणाली, "आवं, पाळनाघर. दुसरं काय? ते हाय म्हणून ही शाळंत जाती. न्हाईतर त्येला सांबाळाय हिलाच घरात बसाय लागलं असतं. मी कामावर न्हाई गेलो तर खायाचं काय?"

आशू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिनं मला विचारलं, "बाई, धाव्वीला भूमिती लई अवघड असती काय वो?"

"रोज अर्धा तास केलीस तर नाही," मी म्हटलं.

"मी करतो की रोज," ती म्हणाली. इकडच्या मुली स्वतःबद्दल असंच बोलतात, करतो, जातो, येतो. तिनं भूमितीची वही आणून दाखवली. वर्तुळं कंपासनं काढलेली नव्हती, बांगडी ठेवून काढलेली होती, आणि चांगली गोल होती. मी शाबासकी दिली आणि घड्याळ बघितलं.

प्रत्येक पानाच्या तळाला 'शेरा' म्हणून एक रकाना होता. तोही मीच ठेवला होता, काही वेगळं आढळल्यास लिहावं म्हणून. मी पेन तिथं टेकवलं. एक ओळ पुरली असती. 'पंखा व खुर्ची या घरातली नाहीत, सर्व घरांत तीच फिरवली आहेत.' पण ती ओळ लिहिली असती तर मागची सगळी घरं पुन्हा करावी लागली असती. पुन्हा एक दिवस, पुन्हा गाडी, आणि आपली पद्धत एका सुतळी बांधलेल्या पंख्यानं आडवी केली हे संस्थेला सांगणं. घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले होते. साडेतीन वाजले होते आणि मला भूक लागली होती. मी रकाना मोकळा सोडला, पान उलटलं.

सगळ्यात शेवटी पाळणाघर बघितलं. लांबट खोली, ओळीनं साड्यांच्या झोळ्या, खाली चटईवर निजलेली पोरं. सगळी घामानं निथळत होती. एक बाई पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत. कोपऱ्यातल्या स्टुलावर धूळ होती आणि धुळीत पंख्याच्या बुडाएवढा स्वच्छ गोल होता. दिवसभर माझ्या तोंडावर फिरत होतं ते या पोरांचं वारं होतं. सुनंदाताई माझ्याकडं बघत नव्हत्या. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. 'जागा स्वच्छ, बालके समाधानी' असं मी लिहिलं.

अहवाल उत्तम झाला. भाषा, आलेख, सगळं. शाहूपुरीतल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये सादरीकरण होतं, तिथं थंडगार एसी होता. पडद्यावर राहणीमानाचा स्तंभ आधीच्या सर्वेक्षणापेक्षा चांगला ठळक वर चढलेला दिसत होता. आधीच्या सर्वेक्षणाला कोण गेलं होतं, त्याला कुणी खुर्ची दिली होती की नाही, देव जाणे. कंपनीचे साहेब खूश झाले. म्हणाले, "म्हणजे मॅडम, ही वस्ती आता पास झाली म्हणायची!" सगळे हसले. मीही हसले. मग ते म्हणाले की पास झालेल्याला त्याच वर्गात ठेवण्यात अर्थ नाही, आता जास्त गरजू वस्ती निवडू. त्या क्षणी मी उभी राहू शकत होते. हातात नुकताच दिलेला नारळ होता, अंगावर शाल होती, आणि समोर बशीत कटलेट. मी कटलेट खाल्लं. त्याची चव अजून आठवते, याचीही मला लाज वाटते.

मे महिन्यात पाळणाघर बंद झालं.

तशी मी निबर नाही. त्यानंतर संस्थेला एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात सगळं कबूल केलं. चार ओळींचं उत्तर आलं, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत, पुढील वर्षाचं नियोजन पूर्ण झालं आहे. प्रामाणिकपणा हा शब्द माझ्या नावापुढं छापील कागदावर आलेला मी तेव्हा एकदाच बघितला. 'घर खोटं बोलणार नाही' हे वाक्य मी विद्यार्थ्यांना शिकवायचं थांबवलं. का थांबवलं हे मात्र सांगितलं नाही. नंतरच्या वर्षांत मूल्यमापनाची कामंही सोडली, आणि लोकांना सांगितलं, आता दगदग झेपत नाही.

आशूकडं सतरा नंबरचा फॉर्म घेऊनही एकदा गेले होते, शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावी देता येते तो. पण तोवर धाकटा अंगणवाडीत गेला होता आणि आशू पॅकिंगच्या कामाला लागली होती. तिनं फॉर्म दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला, आणि परत दिला. "सवड न्हाई वो बाई. सुपरवायझर लई कडक हाय." ती हसत होती. तिला माझ्याबद्दल काही राग नव्हता. राग असता तर मला एवढं जड गेलं नसतं.

पण मला सारखा आठवतो तो दिवस त्याच्या आधीचा. पाळणाघर बंद झाल्याच्या पुढच्या वर्षीचा मार्च. मंडईत भाजी घेताना सुनंदाताई अचानक समोर आल्या. त्यांनी दुसरीकडं काम धरलं होतं. कोण कसं आहे विचारताना मी मंगलचं विचारलं, आणि त्या वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "आशूनं शाळा सोडली की. पोराला कोन बगणार?" एवढंच. माझ्यावर ठपका ठेवला असता तरी चाललं असतं. त्यांनी वांगी तराजूत टाकली.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले. रिक्षानं, एकटी, कागद न घेता. अकरा वाजून गेले होते. मंगलच्या दारात आशू उभी होती, कडेवर भाऊ. पोरगा चांगला वजनदार झाला होता, तिची कंबर एका बाजूला वाकली होती. मला बघून ती खुलली. "बाई! आज भूमितीचा पेपर हाय. सुरू झाला आसंल आता." सबंध वेळापत्रक तिला पाठ होतं. आपल्या वर्गातल्या कुणाचा नंबर कुठल्या शाळेत आलाय, तेही तिनं सांगितलं. मग आत बघून ओरडली, "आई, बाई आल्यात!"

मंगल त्या दिवशी घरी होती, ताप होता तिला. मला चटईवर बसवलं. मी ठरवून गेले होते, की आडपडदा ठेवायचा नाही. म्हटलं, "मंगलताई, मला तुम्हांला एक सांगायचंय. मागच्या वर्षी मी आले होते ना, तेव्हा तो पंखा सगळ्या घरांत एकच होता. मला दिसलं होतं ते. तिसऱ्या घरातच कळलं होतं. आणि मी..."

"आवं, ठावं हाय की आमास्नी!" मंगलनं मला पुढं बोलूच दिलं नाही. तापातही तिचा चेहरा उजळला. "तुमी वायरीकडं बघितलासा तवाच मला कळलं, बाईंच्या ध्यानात आलं म्हणून. म्हटलं, आता चारचौघांत इचारतील, पंखा कुनाचा म्हणून. पर तुमी काय बोलला न्हाईसा. गप लिवून घेतलासा. तुमी गेल्यावर आमी समद्या बाया बोलत होतो, बाई लई मोठ्या मनाच्या. बघून न बघितल्यागत केलं. आमची अब्रू राखलीसा बघा तुमी."

मला वाटत होतं, सांगावं. मी अब्रू राखली नव्हती हो, मला घरी जायची घाई होती. माझ्यामुळं पाळणाघर गेलं. ही पोरगी आत्ता तुमच्या दारात उभी आहे ती माझ्यामुळं. सगळी वाक्यं तयार होती, रिक्षात मी ती घोकूनच आले होते. पण समोरची बाई माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होती, आणि ती माया मला हवी होती. खोटं वाटेल, पण त्या चटईवर बसून मला क्षणभर खरंच वाटलं, की मी तसंच केलं असेन. वर्षात दुसऱ्यांदा त्याच घरात गप्प राहिले.

मंगलनं हाक मारली, "आशू, पाया पड बाईंच्या. त्या हुत्या म्हणून लाज राहिली आपली."

आशूनं भावाला खाली उतरवलं, ओढणी सावरली, आणि माझ्या पायांवर वाकली. मार्च महिन्यात माझ्याकडं अशा खूप मुली येत. शेजारच्या, ओळखीच्या, पेपरला जाता जाता जिन्यावरच वाकणाऱ्या. तोंडाला एकच सवय लागलेली. माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला.

"यशस्वी हो," मी म्हणाले.

"व्हय बाई," आशू म्हणाली, आणि भाऊ रडायला लागला म्हणून त्याला उचलून बाहेर घेऊन गेली.